उसाच्या चराच्या तोंडाशी पाणकणसाचा वाफा: खताचं पाणी ओढ्याआधी कसं अडवायचं

शिरोळ, मिरज, वाळवा या पट्ट्यातल्या काळ्या रानात चिबड, म्हणजे साचून राहिलेली जास्तीची ओल, हटवण्यासाठी कुठे उघडे चर काढलेले असतात, कुठे जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकलेले असतात. त्या पाइपाच्या तोंडातून पडणारं पाणी काचेसारखं नितळ दिसतं, आणि त्यामुळेच फसगत होते. युरियाचं मातीत नायट्रेट झालं की त्याला रंग नसतो, वास नसतो. मातीच्या कणांवर ऋण भार, नायट्रेटवरही ऋण भार. त्यामुळे ते मातीला धरून राहत नाही. पाणी जाईल तिकडे जातं. चरातून ओढ्यात, ओढ्यातून नदीत.

स्फुरदाची, म्हणजे फॉस्फरसची, चाल वेगळी आहे. ते मातीच्या कणाला घट्ट चिकटतं आणि कणाबरोबरच वाहून जातं. म्हणून नितळ निचऱ्यात नायट्रेट जास्त सापडतं, तर वळवाच्या गढूळ लोंढ्यात स्फुरद. तलावाच्या पाण्यात लिटरमागे ०.०३ ते ०.१ मिलिग्रॅम स्फुरद झालं तरी शेवाळ आणि जलपर्णीला ते पुरतं. पंचगंगेवर उन्हाळ्यात पसरणाऱ्या हिरव्या गालिच्यामागे गावाशहरांच्या सांडपाण्याचा हात मोठा आहे हे खरंच, पण रानातून जाणारा वाटा रानातच थांबवता येतो. त्यासाठी चर ओढ्याला मिळतो त्याच्या अलीकडे पाणवनस्पतींचा एक उथळ वाफा करायचा. तो कसा करायचा, किती मोठा, त्यात काय लावायचं आणि तो कशामुळे फसतो, हे पुढे दिलं आहे.

आधी हे समजून घ्या: खत झाड खात नाही, जिवाणू संपवतात

पाणकणीस, म्हणजे तळ्याकाठी वाढणारं उंच पात्यांचं पाणगवत, लावलं की ते सगळं खत शोषून घेईल, असा समज असतो. हिशेब करून पाहू. एका गुंठ्यात, म्हणजे सुमारे १०० चौरस मीटरमध्ये, चांगलं वाढलेलं पाणकणीस वाळल्यावर दीडेकशे किलो भरतं. त्यात दीड टक्का नत्र धरलं तर सव्वादोन किलो झालं. स्फुरद जेमतेम ३०० ग्रॅम. म्हणजे पाच किलो युरियाइतकं नत्र, तेही पीक कापून बाहेर काढलं तरच. कापलं नाही तर पानं कुजून ते पुन्हा पाण्यातच उतरतं.

खरं काम चिखलातले जिवाणू करतात. पाण्याखालच्या चिखलात प्राणवायू नसतो. तिथले जिवाणू श्वासासाठी नायट्रेटमधला प्राणवायू वापरतात आणि नत्र वायूच्या रूपात हवेत सोडून देतात. त्यांना तीन गोष्टी लागतात: प्राणवायू नसलेला चिखल, खायला कुजकं पानपाचोळ्याचं अन्न, आणि ऊब. आपल्याकडे ऊब बारमाही आहे, म्हणून हा उपाय थंड मुलखापेक्षा इथे जास्त जोमाने चालतो. झाडाचं काम त्या जिवाणूंना घर आणि शिदोरी देण्याचं. शिवाय पाणकणसाच्या पोकळ पानांतून हवा मुळांपर्यंत उतरते, मुळाभोवती प्राणवायूचा पातळ थर तयार होतो आणि तिथे अमोनियाचं नायट्रेट होतं. ते दोन बोटं बाजूच्या काळ्या चिखलात गेलं की वायू होऊन उडतं.

स्फुरदाचा वायू होत नाही. ते गाळात बसतं, नाहीतर पानात जातं. म्हणून स्फुरद काढायचं तर गाळ काढावा लागतो आणि पीक कापावं लागतं, तिसरा रस्ता नाही. पुढची सगळी मापं या दोन गोष्टींवरून ठरतात: पाणी उथळ पसरून हळू चाललं पाहिजे, आणि गाळ आधी वेगळा पडला पाहिजे.

वाफ्याआधी खताची मात्रा बघा

आडसाली (जुलै-ऑगस्टमध्ये लागण केलेल्या) उसाला राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी ४०० किलो नत्र, १७० किलो स्फुरद आणि १७० किलो पालाश अशी आहे. नुसत्या युरियाने द्यायचं म्हटलं तर एकरी १६० किलो नत्र म्हणजे ४५ किलोच्या पावणेआठ गोणी. हे नत्र चार हप्त्यांत द्यायचं असतं: लागणीला १० टक्के, सहा ते आठ आठवड्यांनी ४०, बारा ते सोळा आठवड्यांनी १० आणि मोठ्या बांधणीला ४० टक्के. दोन हप्ते एकत्र करून टाकले, वर पाट सोडला किंवा पाऊस झाला, तर कितीही चांगला वाफा असला तरी तो लोंढा त्याला झेपत नाही. हप्ते पाळणं, खत मातीआड करणं आणि पावसाचा अंदाज बघून टाकणं हे आधी. त्यानंतरही जे निसटतं, ते वाफ्याने धरायचं.

जागा

तीन गोष्टी तपासा. पहिली, उतार. वाफ्यातल्या पाण्याची पातळी निचरा पाइपाच्या तोंडापेक्षा किमान अर्धा ते एक फूट खाली राहिली पाहिजे. हे चुकलं तर वाफ्याचं पाणी पाइपात तुंबतं आणि ज्या चिबडीसाठी पाइप टाकला ती पुन्हा सुरू होते. पुरेसा उतार मिळत नसेल तर त्या जागी वाफा करू नका; पंप बसवून पाणी चढवण्याचा खर्च कायमचा मागे लागतो.

दुसरी, विहीर. पिण्याच्या विहिरीपासून किंवा बोअरपासून किमान १०० फूट लांब राहा. वाफा झिरपला तर नायट्रेट विहिरीत उतरेल, आणि पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर नायट्रेट आपल्या मानकात बसत नाही. बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळांना त्याचा धोका सर्वांत जास्त असतो.

तिसरी, ओढा. वाफा ओढ्याच्या पात्रात करायचा नाही, आपल्या रानाच्या टोकाला करायचा. पात्र सरकारी असतं, आणि पहिल्याच पुरात बांध वाहून जातो. तसंच जवळ नैसर्गिक पाणथळ असेल तर त्यात खताचं पाणी सोडून तिला 'गाळणी' बनवू नका. निफाड तालुक्यातलं नांदूर मध्यमेश्वर २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, ठरलं; अशा जागांना खताच्या पाण्यापासून वाचवण्यासाठी वाफा असतो.

किती मोठा? बादली लावून मोजा

खळाळणारा पाऊस नसलेल्या दिवशी पाइपाच्या तोंडाशी १५ लिटरची बादली धरा आणि मोबाइलवर वेळ लावा. उघडा चर असेल तर आधी मातीचा छोटा बंधारा घालून पाणी पाइपाच्या तुकड्यातून पाडा. दोन मिनिटांत बादली भरली तर मिनिटाला साडेसात लिटर, म्हणजे दिवसाला १०,८०० लिटर पाणी येतंय. महिन्यातून तीन-चार वेळा मोजा, पाट दिल्यानंतरच्या दुसऱ्या दिवशी एकदा तरी.

आता सोपा नियम: दिवसभरात येणारं पाणी वाफ्यावर पसरलं तर त्याचा थर १० सेंटिमीटरपेक्षा जाड होऊ नये. एका गुंठ्यावर १० सेंटिमीटर म्हणजे १० हजार लिटर. म्हणजे दिवसाला दहा-अकरा हजार लिटरच्या चराला एक गुंठा. एवढ्यात साधारण निम्मं नायट्रेट कमी होण्याची आशा धरता येते. जास्त हवं असेल तर जागा वाढवा. पण जागा दुप्पट केली म्हणजे सगळं नायट्रेट गेलं असं होत नाही: पाण्यात नायट्रेट जसं कमी होतं तसं पुढचं काढणं जड जातं.

असा चर चार एकर उसाचा असेल, तर एक गुंठा म्हणजे क्षेत्राच्या अर्ध्या टक्क्याहून थोडा जास्त. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात मक्याच्या रानांचा निचरा अडवण्यासाठी असेच पाणथळ तुकडे सरकारी योजनेतून करतात. तिथे वरच्या क्षेत्राच्या अर्धा ते दोन टक्के जागा धरतात.

हे माप रोजच्या निचऱ्यासाठी आहे, जोराच्या पावसासाठी नाही. चार एकरांवर २५ मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे चार लाख लिटर पाणी. त्यातलं ३० टक्के वाहिलं तरी सव्वा लाख. वाफ्यात मावतं २५ हजार. सगळा लोंढा आत घेतला तर वर्षभर साठवलेला गाळ आणि लावलेले गड्डे घेऊनच तो ओढ्यात जाईल. म्हणून जास्तीच्या पाण्याला बाहेरून वाट ठेवायचीच.

खोदाई

एक गुंठ्यासाठी ६२ फूट लांब, २० फूट रुंद जागा आखा. पहिले ७ फूट गाळखड्डा, पुढचे ५५ फूट वाफा. लांबी रुंदीच्या तिप्पट असली की पाणी एका कोपऱ्यातून निसटत नाही. खोदाई एप्रिल-मेमध्ये, जमीन कोरडी असताना. जेसीबीचं अर्ध्या दिवसाचं काम आहे.

वरची सहा-आठ इंच माती आधी वेगळी काढा आणि उसात परत पसरा. हे टाळू नका. त्या मातीत वर्षानुवर्षांचं स्फुरद साठलेलं असतं. तीच माती पाण्याखाली ठेवली तर पहिल्या वर्षी वाफ्यातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात आत येणाऱ्यापेक्षा जास्त स्फुरद निघू शकतं.

गाळखड्डा साडेतीन फूट खोल, बाजू तिरक्या. त्याचा वाफ्याकडचा काठ, म्हणजे उंबरठा, दगडाचा आणि पूर्ण २० फूट एका पातळीत हवा. पाणी या उंबरठ्यावरून सगळीकडून सारखं, पातळ पसरून वाफ्यात उतरलं पाहिजे. भोकं पाडलेला पाइप आडवा टाकूनही पाणी पसरवता येतं, पण गढूळ पाण्यात भोकं बुजतात.

वाफ्याचा तळ रुंदीत अगदी सपाट हवा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोन-तीन सेंटिमीटरपेक्षा फरक नको. लांबीत अगदी किंचित उतार चालतो. गवंड्याची पाण्याची नळी घेऊन दर पाच फुटांवर खुंट्या मारा. डोळ्याने सपाट दिसणारं रान सपाट नसतं, आणि वाफा फसण्याचं पहिलं कारण हेच: पाणी सखल बाजूने बोटभर धार करून थेट बाहेर जातं, बाकीचा वाफा नुसता डबकं होऊन बसतो.

वाफ्याच्या मध्यावर रुंदीभर एक आडवा खोल चर काढा, चार फूट रुंद, तीन फूट खोल. त्याचे दोन उपयोग. एका बाजूला गोळा झालेलं पाणी इथे येऊन पुन्हा सारखं पसरतं. आणि पाणकणीस एवढ्या खोल पाण्यातून पलीकडे सरकत नाही, त्यामुळे पुढच्या भागातल्या झाडांना जागा राहते.

काळी माती ओली झाली की फुगून स्वतःच तळ बंद करते. थोडं पाणी शिंपडून धुमसाने नीट ठोकली की पुरे. मुरमाड जागा असेल तर मात्र आठ-दहा इंच काळी माती आणून थराथराने ठोकावी लागते. ठोकून झाल्यावर वरची चार इंच माती खोऱ्याने सैल करा, नाहीतर गड्ड्याला मुळं धरायला जागा नाही.

बांध माथ्यावर दोन फूट रुंद, पाण्यापेक्षा किमान एक फूट उंच. एका बाजूला तीन फूट रुंदीचा सांडवा ठेवा, बांधाच्या माथ्यापेक्षा अर्धा फूट खाली, दगडी पिचिंग करून. पण पुराचं पाणी मुळात आत येऊच नये यासाठी चराच्या तोंडाशी दोन खाचांची एक फळी बसवा: खालची छोटी खाच वाफ्याकडे, वरची मोठी जुन्या चराकडे. पाणी चढलं की वरचं आपोआप बाहेरून जातं.

पातळी राखणारा एल्बो

बाहेर जाण्यासाठी ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप बांधातून आडवा टाका. आतल्या टोकाला एल्बो (काटकोनी जोड), आणि एल्बोत दीड फुटाचा उभा तुकडा. एल्बो सोल्यूशनने चिकटवायचा नाही, रबरी रिंगेवर बसवायचा. उभा तुकडा सरळ ठेवला की पाणी पूर्ण पातळीला. हाताने तिरका केला की तेवढी पातळी खाली. आडवा केला की वाफा रिकामा. पाणी किती हवं ते या एका सांध्यावर ठरतं. एरवी बांध फोडून पाणी काढावं लागतं, आणि फोडलेला बांध कधीच पहिल्यासारखा बसत नाही.

बांधातल्या पाइपाभोवती मध्यावर सिमेंट काँक्रीटची एक फूट चौरस कॉलर घाला. नाहीतर पाणी पाइपाच्या बाहेरून वाट काढतं आणि एका रात्रीत घळ पडते. उभ्या पाइपाभोवती जुन्या प्लास्टिक क्रेटचा पिंजरा ठेवला की पाला अडकत नाही.

काय लावायचं

पहिल्या अर्ध्या भागात पाणकणीस. काही गावांत त्याला रामबाण म्हणतात. जवळच्या तळ्याच्या किंवा पाटाच्या काठावर ते असतंच, विकत घ्यावं लागत नाही. खारट निचरा असेल, विद्युतवाहकता म्हणजे ईसी ४ च्या वर जात असेल, तर नळ नावाचं बोरूसारखं उंच गवत लावा; ते खारटपणा जास्त सोसतं. खारटपणात कर्दळ आधी मान टाकते.

आडव्या चराच्या पुढे, बाहेर पडण्याच्या बाजूला, वेखंड, कर्दळ आणि अळू मिसळून. एकाच जातीवर कीड आली तर सगळा वाफा जात नाही, हा त्याचा फायदा. हे अळू भाजीला तोडायचं नाही आणि वेखंड घरच्या औषधाला काढायचं नाही, कारण इथे फवारणीचे अंश येतात. बांधाच्या उतारावर वाळा, सहा-सहा इंचांवर एका ओळीत. त्याची मुळं सरळ खोल जातात आणि बांध धरतात.

जलपर्णी लावायची नाही. ती खत झपाट्याने ओढते हे खरं आहे, म्हणूनच कुणी ना कुणी ती सुचवतं. पण पोषक पाण्यात ती दोन आठवड्यांत दुप्पट होते, आणि सांडव्यावरून एक रोप निसटलं की खालच्या ओढ्याचं, बंधाऱ्याचं काय होतं ते नदीकाठच्या प्रत्येकाला ठाऊक आहे. बेशरमचं झुडूपही नको, तेही असंच पसरतं.

पाणकणसाचे गड्डे जूनच्या सुरुवातीला काढा. कुदळीने सावकाश, एकेका तुकड्याला दोन-तीन डोळे आणि वीतभर लांबी हवी. वरची पानं एक-दीड फूट ठेवून छाटा. ओल्या गोणपाटात गुंडाळून त्याच दिवशी लावा. अंतर दीड फूट बाय दीड फूट. पूर्ण गुंठ्याला ४८० च्या आसपास, म्हणजे अर्ध्या भागाला २४० लागतात, दहा टक्के जास्तीचे ठेवा. चिखलात तीन-चार इंच खोल, थोडे तिरके.

पुढच्या दोन आठवड्यांत चूक होते ती हीच की पाणी लगेच पूर्ण भरलं जातं. गड्डा पानाच्या पोकळीतून श्वास घेतो. छाटलेलं टोक पाण्याखाली गेलं की तो गुदमरून कुजतो, आणि 'रोपं धरली नाहीत' असं वाटतं. सुरुवातीला दोन बोटं पाणी. नवीन पात वीतभर वर आली की तीन इंच. दीड-दोन महिन्यांनी, पीक कमरेला आलं की आठ ते दहा इंच. कायमची पातळी तीच. एवढ्या पाण्यात दिवसाचे दहा हजार लिटर दोन-अडीच दिवस थांबतात.

पहिल्या वर्षी चिखलात जिवाणूंचं अन्न कमी असतं. उसाचं वाळलेलं पाचट पातळ पसरा, तळ अर्धवट झाकेल इतकंच. ढीग टाकला तर पाणी काळं पडतं, सडक्या अंड्याचा वास सुटतो आणि गाळातलं स्फुरदही सुटून पाण्यात येतं.

पाणी कुठून चाललंय ते बघा

वारा पडलेल्या सकाळी उंबरठ्यावर रुंदीभर मूठ-मूठ भाताचा कोंडा टाका आणि बांधावर उभे राहा. कोंडा सगळीकडून सारखा झाडांत शिरला तर ठीक. एखाद्या ठिकाणी तो ओळ धरून पळू लागला तर तिथेच चोरवाट आहे. तिथे चिखलाने भरलेलं गोणपाट आडवं दाबा किंवा दाट रोपं लावा. दर पावसाळ्यानंतर हे पुन्हा करा, कारण खेकडे आणि घुशी नवीन वाटा काढतात. बांधावर भोक दिसलं की त्याच दिवशी ओली काळी माती ठोकून बुजवा.

नायट्रेटच्या पट्ट्या मिळतात, बाटलीतलं पाणी आणि पट्टीचा रंग जुळवून ढोबळ आकडा कळतो. नेमका हवा असेल तर आत येणारं आणि बाहेर जाणारं पाणी एकाच दिवशी, स्वच्छ बाटलीत, बर्फात ठेवून चोवीस तासांत प्रयोगशाळेत पोचवा. अहवालावर 'नायट्रेट' लिहिलंय की 'नायट्रेट-नत्र' ते पाहा. ४५ मिलिग्रॅम नायट्रेट म्हणजे सुमारे १० मिलिग्रॅम नायट्रेट-नत्र. हे न बघता दोन अहवाल शेजारी ठेवले तर वाफा चौपट चांगला किंवा चौपट वाईट दिसतो. पावसाच्या दिवशी नमुना घेऊ नका, पावसाचं पाणी मिसळून बाहेरचा आकडा उगाच कमी येतो.

कापणी

पाणकणसाची कणसं तपकिरी होऊन उलायच्या आत कापा. याची दोन कारणं. कणीस उललं की त्याचा कापूस वाऱ्याबरोबर पाटचाऱ्यांत जातो आणि शेजाऱ्याचा पाट तुंबतो. दुसरं, पात वाळू लागली की झाड पानातलं नत्र-स्फुरद खाली गड्ड्यात ओढून घेतं. वाळल्यावर कापलं तर हाती नुसता भुसा येतो. हिरवं असताना, साधारण पावसाळा ओसरता ओसरता, पहिली कापणी. वाढ चांगली असेल तर फेब्रुवारीच्या सुमारास दुसरी.

कापताना पाण्याच्या वर वीतभर खुंट ठेवायचा, पाण्याखाली कापायचं नाही. कारण पुन्हा तेच: खुंट बुडाला की गड्डा गुदमरतो. आधी एल्बो तिरका करून पातळी चार इंच उतरवली तर काम सोपं होतं. आणि सगळं एकदम कापू नका. तिसरा हिस्सा ठेवा, आलटून-पालटून पट्टे बदला; पडलेल्या पाचोळ्यावरच जिवाणू जगतात. वाफा झाडून-पुसून ठेवला की नायट्रेट कमी होण्याचं प्रमाण घसरतं.

कापलेला पाला उसाच्या सरीत आच्छादन म्हणून घाला किंवा शेणाबरोबर कंपोस्टात. बांधावर पडू देऊ नका, पहिल्या पावसात सगळं परत वाफ्यात. जाळूही नका, नत्र उडून जातं, पण स्फुरद राखेत तसंच राहतं. गुरांना घालू नका, कारण अशा पाण्यावर वाढलेल्या हिरव्या पाल्यात नायट्रेट साठलेलं असू शकतं आणि रवंथ करणाऱ्या जनावराला ते बाधतं.

चिखलात उतरताना गमबूट घाला, हातापायाला जखम असेल तर उतरूच नका. उंदरांच्या वावराच्या पाणथळीत लेप्टोस्पायरोसिसचा धोका खरा आहे. सापांसाठी आधी काठीने पाला हलवा.

डासांची तक्रार येते ती बहुतेक वेळा पाणी थांबलेल्या, आडव्या पडलेल्या पाल्याने झाकलेल्या कोपऱ्यात. तो पाला उचलला आणि पाणी हलतं ठेवलं की चतुराच्या अळ्या आणि लहान मासे बाकीचं सांभाळतात. मासे सोडायचे तर त्याच ओढ्यातले सोडा. गप्पी बाहेरचा मासा आहे, आणि वाफ्याचं पाणी शेवटी ओढ्यालाच मिळतं.

तण, फवारणी, उन्हाळा

उसात तणनाशक मारताना वाफ्याकडची दहा-पंधरा फुटांची पट्टी सोडा. वाऱ्याने आलेले थेंबसुद्धा पाणकणसाला पिवळं पाडतात. पंप आणि ड्रम चरात धुणं बंद करा. ते धुवण आत आलं तर एका दिवसात वाफा मान टाकलेला दिसेल.

मे महिन्यात उन्हाने आणि पानांतून मिळून गुंठ्याला दिवसाला ८०० ते १००० लिटर पाणी उडतं. चर आटला तर आठवड्यातून एकदा पाणी सोडून चिखल ओला ठेवा. भरलेला असण्याची गरज नाही, पण काळी माती भेगाळू देऊ नका. एकदा हातभर भेगा पडल्या की तळ झिरपू लागतो, आणि जूनमध्ये येणारं खताचं पहिलं, सर्वांत तेज पाणी त्या भेगांतून थेट खाली जातं.

सांडपाण्यासाठी नागपूरच्या नीरी संस्थेने विकसित केलेलं फायटोरिड तंत्र पुष्कळांनी ऐकलेलं असतं. त्यात खडीच्या थरातून पाणी जातं. शेताच्या निचऱ्याला ते लागत नाही: खडीचा खर्च मोठा, आणि उसाच्या रानातला बारीक काळा गाळ खडीत बसला की ती उकरून धुण्यावाचून इलाज नाही. वाहत्या उथळ पाण्याचा वाफा गाळ सहन करतो, तोही गाळखड्डा वेळेवर उपसला तर.

त्यासाठी खड्ड्यात एक बांबू उभा रोवा आणि त्यावर दर अर्ध्या फुटाला रंगाची रेघ मारा. पावसाळा संपल्यावर काठीने चाचपून गाळ किती चढला ते बांबूवर बघा. अर्धा खड्डा भरला की उपसा, सहसा एक-दोन वर्षांनी. उपसताना वाफ्याकडचा उंबरठा हलू देऊ नका. दगड सरकला तर नळी लावून पातळी पुन्हा जुळवा. तो गाळ बांधावर टाकू नका, चराच्या वरच्या अंगाला उसात पसरा आणि मातीत मिसळा. त्यातलं स्फुरद तुमच्याच डीएपीच्या गोणीतून गेलेलं आहे. पुढच्या लागणीआधी त्या तुकड्याचं माती परीक्षण करून स्फुरदाचा हप्ता त्याप्रमाणे कमी करा.